मोहाखालचा पानदब्या

१

शुक्रवारी दुपारी बाराच्या सुमारास नवी वनरक्षक रूपाने वनचौकीतलं लोखंडी कपाट उघडलं, डबी काढली आणि आतली कार्डं दोनदा मोजली. डबीत जंगलात लावलेल्या ट्रॅप कॅमेऱ्यांची चार मेमरी कार्डं असायला हवी होती. तीनच होती. गेलेलं कार्ड नेमकं तेच, ज्यात पानदब्याचा फोटो होता.

पानदब्या ही आसेगावच्या म्हाताऱ्या ग्यानबाची गोष्ट. पन्नास वर्षं गुरं वळलेला तो माणूस पारावर बसून सांगायचा, "त्याले सोताचा रंगच नाही. पाचोया पडला का पाचोयासारखा, गवत आलं का गवतासारखा. कयपातून एकटं सुटलेलं जनावर हेरते. ढीग समजून जवय गेलं, का ढीगच उठते." लोक हसायचे. पण यंदा होळीनंतर दोन बकऱ्या गेल्या आणि हसणं कमी झालं. गुरुवारी संध्याकाळी रूपाच्या कॅमेऱ्यात तो सापडला. वाळक्या पानांचा एक ढीग आणि त्या ढिगात चमकणारे दोन डोळे! लॅपटॉपचं चार्जिंग लगेच संपलं, पुढचे फोटो बघायचे राहून गेले. पण रूपाने स्क्रीनचा फोटो मोबाइलवर काढून ठेवला होता. रात्रीतून तो वाशीमपासून कारंजापर्यंत फिरला.

शुक्रवारी संध्याकाळी वनक्षेत्रपाल दौलतसिंग राठोड चौकीत आले. सगळ्यांना समोर उभं करून म्हणाले, "सोमवारी अमरावतीवरून तज्ज्ञ येऊन राह्यले. त्यायले मूळ कार्ड पाह्यजे. मोबाइलवरचा फोटो कोणी खरा मानत नसते. कुलूप तुटलं नाही, चावी खिळ्यावरच हाये. म्हंजे घरचाच माणूस."

बोलताना त्यांनी कोणाचं नाव घेतलं नाही. पण नजर वैजयंतीवर थांबली. मग रूपाचीही तिच्यावरच थांबली, मग वनमजूर भागवतची.

वैजयंती या बीटवर आठ वर्षांपासून वनरक्षक होती. आठ उन्हाळे तिने इथले वणवे विझवले, इथलं एकेक झाड तिला पाठ होतं. रूपाला येऊन दहा महिने झाले होते. तरी साहेबांच्या मोबाइलच्या स्टेटसवर रूपा, पेपरवाल्यांच्या तोंडी रूपा, चौकीच्या भिंतीवरच्या कात्रणात रूपा. त्या पोरीचे नवे बूट पाहिले तरी वैजयंतीच्या पोटात काहीतरी आंबट व्हायचं. आणि हे चौकीतल्या खुर्च्यांनासुद्धा माहीत होतं.

"वैजयंतीबाई," साहेब जाता जाता म्हणाले, "तुमचं काही म्हननं?"

"मी नाही घेतलं, साहेब."

ते खरंच होतं. पण पूर्ण खरं नव्हतं. शुक्रवारी सकाळी सात वाजता, चौकीत कोणी नसताना, वैजयंतीने स्वतः ते कपाट उघडलं होतं. डबी हातात घेतली होती. चिमटीत एक कार्ड धरून ते दातांनी मोडायचं की चुलीत टाकायचं, असा विचारसुद्धा केला होता. मग तिचीच तिला लाज वाटली. तिने चारही कार्डं जशीच्या तशी ठेवून दिली आणि गस्तीला निघून गेली.

हे कोणाला सांगायचं? सांगितलं असतं, तर चोर शोधायची गरजच उरली नसती.

२

म्हणून चोर तिलाच शोधायचा होता.

शनिवारी सकाळी भागवतने तिच्या हातात चहाचा कप दिला. पस्तिशीतला, अंगाने काटक, कामाला वाघ असा माणूस. चौकीमागच्या खोलीत बायकोसोबत राहायचा. "म्याडम, तुमच्यावर आळ घेऊन राह्यले, मले पटलं नाही," तो म्हणाला. "शुक्रवारी दहाले हरीओम आलता मोबाइल घेऊन, व्हिडिओ काढाले. अकराले शालिग्रामभाऊ आलता, बकऱ्यायची तक्रार घेऊन. आन् रूपा म्याडम त इथंच होत्या. तुमीच काय ते समजून घ्या."

हरीओम गावातला यूट्यूबवाला. बसस्टॉपवरच्या टपरीत वैजयंतीने त्याला गाठलं. तो उलट तिच्यावरच उखडला. "ताई, मले कार्ड भेटलं असतं त मी एकच कायले नेलं असतं? अख्खी डबी उचलली असती! कोनत्या कार्डात काय, मले काय सपनात दिसते?"

बोलणं उद्धट होतं, पण बिनतोड होतं. ते तिने मनात ठेवलं.

मग ती फोटोतल्या जागेकडे निघाली. फोटोतला वाकडा पळस तिने ओळखला होता. नाल्याच्या कडेला पाच मोहाची झाडं आहेत, तिथला तो. तिथे कॅमेरा आहे, हेच तिला माहीत नव्हतं. चौथा कॅमेरा तळ्यावर आहे, असंच रूपाने तिला सांगितलं होतं. तो लपवून इथे लावला! हा सल घेऊनच ती तिथे पोचली.

भागवतची बायको राखी मोहफुलं वेचत होती. बाया मोहाखालची जमीन झाडून स्वच्छ करतात, म्हणजे पहाटे गळलेली फुलं पाचोळ्यात हरवत नाहीत. झाडलेल्या पाचोळ्याचे ढीग कडेला लागलेले होते. वैजयंतीला पाहताच राखी उठून उभी राहिली. डोळ्यांखाली काळं आलेलं.

"बाई, एक विचारू? राग नोका येऊ देऊ." ती आजूबाजूला पाहत म्हणाली. "तुमी माह्या घरी काही सांगता का? म्हंजे मी इथं कोनाशी बोलते, काय खाते..."

"मी कायले सांगू? मले दुसरे धंदे नाहीत का?" वैजयंती तुटकपणे म्हणाली. तिचं लक्षच नव्हतं. तिने मोबाइलवरचा फोटो मोठा केला होता आणि ती तो समोरच्या ढिगांशी ताडून पाहत होती.

राखी पुन्हा फुलं वेचायला वाकली.

ढिगात मोहाची लांबट पानं होती, पळसाची वाटोळी पानं होती. फोटोतली पानं मात्र वेगळीच होती. सुपाएवढी, खरखरीत, जाड शिरांची. आणि सगळी एकाच दिशेने, कौलांसारखी एकावर एक बसलेली.

सागाची!

वैजयंतीच्या काळजात आनंदाची कळ उठली. या नाल्यावर साग नाही. एकही नाही. जो प्राणी जागेचा रंग घेतो, तो दुसऱ्या जागेची पानं अंगावर घेऊन कसा येईल? हा ढीग कोणीतरी बनवून आणून ठेवला होता. आणि साग होता कुठे? चौकीमागच्या रोपवनात. रूपाच्या टेबलाच्या खिडकीतून हात काढला तर पान हाताला लागेल, इतका जवळ.

पोरीने फोटो बनवला. तज्ज्ञ येणार म्हटल्यावर कार्ड तिनेच गायब केलं आणि आळ माझ्यावर!

आठ वर्षांत वैजयंती इतक्या झपाझप कधी चालली नव्हती.

३

रूपा गावात शाळेजवळ भाड्याच्या खोलीत राहायची. बाबासाहेबांच्या तसबिरीखालच्या टेबलावर तिचं स्पर्धा परीक्षेचं पुस्तक उघडं होतं. वैजयंती दारातूनच बोलायला लागली. साग, रोपवन, खिडकी, कौलांसारखी पानं, सगळं एका दमात.

रूपाने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग तिने मोबाइल काढला, फोटो मोठा केला आणि बराच वेळ पाहत राहिली. तिचा चेहरा पडला.

"ताई, साग हाये हे मले समजलंच नाही," ती हळूच म्हणाली. "मले पान म्हंजे पानच वाटलं. हा खोटा हाये त मग मी साऱ्या जिल्ह्यात हसू करून घेतलं."

"नाटक नोको करू."

"नाटक करायचं असतं त मी फोटो बनवून कार्ड फेकलं कायले असतं? पुढचे फोटो पुसून टाकले असते, झालं असतं!" रूपाचा आवाज चढला. "चौथा कॅमेरा मी मंगळवारी तयावरून काढून एकटीनं मोहाकडं नेला. कोनालेच सांगतलं नाही. तुमाले सांगतलं असतं त तुमी काढून टाकसान, असं वाटलं मले."

पोरीचा अंदाज काही फार चुकीचा नव्हता.

वैजयंती खाली चटईवर बसली. "रूपा, कार्डावर नेलपॉलिशचे ठिपके काहून हायेत?"

"कॅमेऱ्याचा नंबर. एक ठिपका म्हंजे पयला, चार म्हंजे चौथा." आणि मग रूपा थांबली. "पन तुमाले ठिपके कसे मालूम? डबी त कपाटात राह्यते."

आता मागे फिरणं नव्हतं. "शुक्रवारी सकायी मी कपाट उघडलं होतं," वैजयंती म्हणाली. "तुह्यं कार्ड मोडाले. हातात घेतलंबी होतं. नाही मोडलं. सातले चारही डबीत होते."

रूपाने तिच्याकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात राग होता, दुःख होतं, आणखीही काहीतरी होतं. पण डोकं चालायचं तिचं थांबलं नाही.

"म्हंजे सात ते बारा," ती म्हणाली. "आन् चोरानं चार ठिपक्याचंच उचललं. बाकीच्याले हात नाही लावला."

"हरीओम मले तेच म्हने. त्यानं अख्खी डबी नेली असती. शालिग्रामबी तसंच. ठिपके कोनाले मालूम होते?"

"मले." रूपाने एक बोट दुमडलं. "आन् भागवतभाऊले. कॅमेरे तेच उचलत, कार्ड तेच बदलत. गुरुवारी फोटो पायला तवा माह्या मागंच चहा घेऊन उभे होते. चौथा कॅमेरा तयावर नाही, हे त्यायले तवाच समजलं."

"भागवतले फोटोशी काय करायचं?"

उद्या सकाळी त्यालाच विचारू, असं ठरवून वैजयंती उठली. दारातून रूपा मागून म्हणाली, "ताई, कपाटाचं मी साहेबाले सांगनार नाही."

"मीच सांगीन," वैजयंती म्हणाली. ती दया तिला सहन झाली नाही.

४

रविवारी उजाडताच दोघी चौकीवर गेल्या. भागवतच्या खोलीला बाहेरून कडी होती. ओट्यावर सुतळीचा गुंडा पडला होता आणि त्यात पोतं शिवायचा दाभण खोचलेला होता. मागे रोपवनात एका सागाखालची जमीन हातभर रुंद मोकळी दिसत होती. बाकी सगळीकडे घोट्याइतका पाचोळा.

"पोतं शिवून राह्यला असन," रूपा म्हणाली.

वैजयंतीला काहीतरी आठवत होतं, पण हाताला लागत नव्हतं.

नाल्याच्या रपट्यावर, त्या ठेंगण्या पुलावर, शालिग्राम भेटला, पुढे वीसेक बकऱ्या. पन्नाशीचा, सैल पायजम्यातला साधा माणूस. वैजयंतीने विचारलं, "भाऊ, आज इकडून? तुमी त मोहाकडून जाता ना?"

"जात होतो." तो अवघडला. "राखी माही नात्यानं भाची लागते, बाई. धनजच्या चुलतबहिनीची पोरगी. मोहाखाली दोन घडी बसो, भाकर खाओ, माहेरचं बोलो. बुधवारी तिनं हात जोडले. म्हने मामा, इकडं येऊ नोका. माह्या मानसाले सारं मालूम पडते. मी कोनत्या झाडाखाली बसली, तुमी मले आंब्याचं लोनचं देल्लं, तेबी. घरी गेल्यावर तो शब्दाले शब्द सांगते. म्हने झाडंच जाऊन सांगतेत का काय त्याले."

दाभण, सुतळी, सागाखालची मोकळी जमीन, सगळं वैजयंतीच्या डोक्यात एकदम जुळलं.

तुमी माह्या घरी काही सांगता का? काल ती पोरगी हेच तर विचारत होती. आणि ती स्वतः मोबाइलमध्ये डोकं घालून रूपाचा काटा काढत बसली होती.

"कोनी सांगत नाही, भाऊ," ती म्हणाली. "तो तिथंच लपून राह्यते. राखी आज कुठं हाये?"

"मोहालेच. आत्ताच गेली, टोपली घेऊन."

"आन् भागवत?"

दोघी पळत सुटल्या.

५

मोहाच्या झाडांपाशी सगळं शांत होतं. फुलांचा गोड, जड वास पसरला होता. राखी वाकून वेचत होती, पाठ त्यांच्याकडे. तिच्यामागे झाडलेल्या पाचोळ्याचे तीन ढीग.

रूपा हाक मारणार, तोच वैजयंतीने तिचा दंड घट्ट धरला.

तिने ढीग वाचले. पहिला मोहाचा. दुसरा मोहाचा आणि पळसाचा. तिसरा राखीपासून सहा-सात हातांवर, नुसत्या सागाचा.

तिने आवाज रोजचाच काढला. "राखी, इकडं ये व! साहेबाच्या घरी फुलं पाह्यजेत. टोपली घेऊन ये."

"येते बाई." राखी उठली, टोपली कमरेवर घेऊन चालत आली. ती जवळ येताच रूपाने तिला हाताला धरून आपल्या मागे घेतलं.

ढीग जरासा हलला. वारा नव्हता.

"भागवत," वैजयंती म्हणाली, "ऊठ."

काहीच झालं नाही. मग सागाची पानं खडखडली आणि ढीग उठला. गुडघे, कंबर, खांदे. डोक्यापासून पायापर्यंत पोतं, पोत्यावर दाट शिवलेली पानं, मध्ये दोन भोकं. राखीच्या तोंडून जी किंकाळी निघाली, ती वैजयंती पुढे बरेच दिवस विसरली नाही. त्या पानांतून बाहेर आलेल्या हातात कुऱ्हाड होती.

"मी काही केलं नाही," पोत्यातून आवाज आला. "माही बायको हाये. मी पाहू नये तिले?"

"पाहाले कुऱ्हाड लागते?"

"तुमाले काय समजते!" त्याने डोक्यावरचं पोतं ओरबाडून काढलं. चेहरा घामाने निथळत होता. "घरी हसत नाही ते. इथं हसते. त्या म्हाताऱ्यासंग हसते! मले पंधरा दिवसापासून झोप नाही. रोज वाटे, आज काही दिसन. दिसलं नाही, त अजूनच डोकं फिरे. म्हनलं माह्याच डोयाले चकवून राह्यली!"

नेमक्या त्याच वेळी मागून बकऱ्यांच्या घंटा वाजल्या. शालिग्राम धापा टाकत येत होता. भागवतने त्याला पाहिलं आणि कुऱ्हाड वर गेली. तो धावला, पण अंगावरचं पोतं पायात अडकलं, तो अडखळला. तेवढ्यात वैजयंतीची काठी सगळ्या जोरानिशी त्याच्या मनगटावर बसली. कुऱ्हाड पडली. रूपाने ती उचलून नाल्यात भिरकावली. शालिग्रामने त्याला मागून कवळ घातली, आणि मग भागवत बसूनच गेला. पानांच्या त्या सोंगात गुडघ्यांत डोकं घालून ओक्साबोक्शी रडायला लागला.

राखी मात्र रडली नाही. ती त्याच्याकडे पाहत उभी राहिली, जणू हा माणूस ती आजच पहिल्यांदा पाहत होती.

६

कार्ड त्याच्या सदऱ्याच्या खिशात निघालं. पोलीस येईपर्यंत दौलतसिंग साहेबांनी ते चौकीतल्या लॅपटॉपवर लावलं. वैजयंतीने तोवर सगळं सांगितलं होतं. साग, ठिपके, शालिग्रामचं बोलणं. आणि कपाट उघडलं होतं तेही.

"पन कार्ड मोडून फेकलं काहून नाही त्यानं?" साहेबांनी विचारलं.

"तुमी पाहा ना, साहेब."

पहिला फोटो जगाने पाहिलेला. बुधवार, सकाळी सहा वाजून एकवीस मिनिटं. चोविसाव्या मिनिटाला ढीग पुढे सरकलेला, कडेला वाकलेली राखी. सव्वीसला ढीग तिच्या पाठीशी उभा, पानांतून वर आलेला हात आणि त्यात कुऱ्हाड. सत्तावीसला कॅमेऱ्यासमोर नुसत्या बकऱ्या, आणि ढीग पुन्हा खाली, पाचोळा होऊन पडलेला.

"बकऱ्या एक मिनिट उशिरा आल्या असत्या तर..." साहेबांनी वाक्य पुरं केलं नाही.

"म्हनूनच त्याले कार्ड पाह्यजे होतं," वैजयंती म्हणाली. "आन् मोडलं नाही, कारन त्यात तिचे फोटो होते. ती कोनाकडं पाहून हसते, ते त्याले घरी बसून पाहायचं होतं. मोबाइलवर लावून पायलंबी असन. दिसलं काहीच नाही."

बकऱ्यांचं तर सोपं होतं. नाल्याच्या वाळूत बिबट्याचे ठसे तिने होळीलाच पाहिले होते, नोंदही केली होती. पण पानदब्यापुढे बिबट्याला विचारतो कोण?

सोमवारी तज्ज्ञ आलेच नाहीत. त्याऐवजी वैजयंतीच्या हातात कारणे दाखवा नोटीस आली, विनापरवाना कपाट उघडल्याबद्दल. त्याच पाकिटात रूपाला एक पत्र होतं, कॅमेऱ्यामुळे एक जीव वाचला म्हणून अभिनंदनाचं. वैजयंतीने दोन्ही वाचली, आणि पोटात तेच जुनं आंबट झालं. गेलं नव्हतं ते कुठेच.

मंगळवारी राखीचा भाऊ तिला घ्यायला आला. तो अकोल्याला कामाला होता. तक्रारीवर तिने स्वतः सही केली होती, कोणी हात धरायला लागला नाही. जऊळक्याच्या स्टेशनवर दोघी तिला सोडायला गेल्या. गाडी यायला वेळ होता.

"बाई," राखी म्हणाली, "लग्न झालं तवा तो माह्याकडं सारखा पाहे. मायले मी सांगतलं, लय जीव हाये त्याचा माह्यावर. मले बरं वाटे तवा."

"शनिवारी तू मले विचारलं होतं," वैजयंती म्हणाली. "मी ऐकलं नाही. माह्या डोक्यात दुसरंच होतं."

"आलत्या ना तुमी पन." राखीने गाठोडं उचललं. अकोल्याची पॅसेंजर आली, भावाने तिला वर घेतलं, आणि गाडी सुटेपर्यंत ती खिडकीतून समोरच पाहत राहिली. मागे एकदाही नाही.

परतीच्या वाटेवर दुचाकी रूपा चालवत होती. आसेगावचा फाटा आला. मग वैजयंती मागून म्हणाली, "रूपा, उद्या मले तो कॅमेरा लावाले शिकव."

रूपाने आरशातून पाहिलं. "शिकवते ना ताई. आन् तुमी मले झाडं शिकवा. सागच वयखला नाही मी, लाज वाटते."

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वैजयंतीची आठ वर्षं उभी होती, एकेक ओळखीचं झाड.

"शिकवीन," ती म्हणाली. "पन सगयी नाही."